४५ अंशांच्या गोंदियात आवाज न करणारा छोटा कॉम्प्युटर जुळवता येतो का? रॅम महागल्यावर हा प्रश्न का महत्त्वाचा झालाय?

विदर्भात कुणी ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीत बसवलेला पत्र्याचा डब्बा. तीन बाजूंना वाळा किंवा लाकडाचा भुसा, खाली पाण्याची टाकी आणि घरघरणारा पंखा. मार्च संपता संपता गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी अशा सगळ्या गावांत हे डब्बे माळ्यावरून खाली येतात. त्याच घरात टेबलावर आणखी एक डब्बा असतो आणि त्यालाही कूलर लागतो. तो म्हणजे कॉम्प्युटर.

या दुसऱ्या कूलरची चर्चा आता सुरू झाली, त्याला दोन कारणं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. त्यानंतर काही आठवड्यांतच जगभर रॅमच्या किमती भडकल्या. म्हणजे जुना कॉम्प्युटर बदलायची वेळ आणि नवा घेणं महाग पडायची वेळ एकदमच आली.

अशा वेळी बरेच जण असेंबल्ड पीसीचा विचार करतात. टेबलावर मावणारा, रात्री अभ्यासाला बसलं तर कानाशी गुणगुणणार नाही असा, पाण्याच्या नळ्यांची भानगड नसलेला साधा हवेवर थंड होणारा डेस्कटॉप. यूट्यूबवर त्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. पण ते बहुतेक थंड देशांत किंवा एसी खोलीत बनवलेले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या गोंदियात तोच सल्ला चालतो का? आणि चालत नसेल तर काय बदलायचं? समजून घेऊया.

आधी प्रकरण काय आहे?

विंडोज १० बंद पडलेलं नाही. कॉम्प्युटर सुरू होतो, फाइल्स उघडतात. फक्त नवी सुरक्षा छिद्रं बुजवणारी अपडेट्स आपोआप येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली आहे, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ वर जायचं तर अटी आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेचा किंवा त्यानंतरचा हवा. २०१५ ते २०१७ च्या काळात घेतलेले असंख्य कॉम्प्युटर इथेच अडकतात. ते चालतात व्यवस्थित, पण यादीत बसत नाहीत.

आता दुसरी बाजू. जगातली बहुतांश रॅम चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटर्सना ‘एचबीएम’ नावाची वेगळी, अतिवेगवान मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ रॅमच्या तुलनेत एचबीएमला कारखान्यातली जवळपास तिप्पट सिलिकॉन जागा लागते, असं मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. एचबीएममध्ये नफाही जास्त. त्यामुळे कारखान्यांचा कल तिकडे गेला आणि घरगुती रॅम तुटवड्यात आली. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत रॅमच्या अनेक संचांचे किरकोळ दर दुपटीहून जास्त झाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. गावोगावच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकलं जाणारं हे नाव होतं.

भारतात चिप प्रकल्प येतायत, मग इथे स्वस्त का मिळत नाही, असा प्रश्न पडू शकतो. गुजरातमधल्या साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प हा चिप्सची जुळवणी आणि चाचणी करण्याचा आहे. मूळ सिलिकॉन वेफर तिथे बनत नाही. त्यामुळे जागतिक टंचाईची झळ आपल्यालाही तेवढीच बसते.

करातही दिलासा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या नव्या दरांत एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही-मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. कॉम्प्युटर आणि त्याचे सुटे भाग आधीही १८ टक्क्यांतच होते आणि तिथेच राहिले.

मग गोंदियाचा प्रश्न वेगळा कसा?

हवेवर थंड होणारा कॉम्प्युटर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. त्यातला पंखा थंड हवा तयार करत नाही. तो फक्त प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणजे खोली जेवढी तापलेली, तेवढी सुरुवातच वरून.

एक साधं गणित बघू. समजा, एखादा कूलर प्रोसेसरच्या प्रत्येक वॅटमागे तापमान ०.६ अंशाने वाढू देतो. एएमडीचे डेस्कटॉप प्रोसेसर खोक्यावर ‘६५ वॅट’ लिहिलेले असले तरी पूर्ण ताण आल्यावर ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतात. ८८ वॅटला ०.६ ने गुणलं की येतात साधारण ५३ अंश.

आता खोलीचं तापमान २२ अंश असेल तर प्रोसेसर जाईल ७५ अंशांवर. काहीच काळजी नाही. पण टिनाच्या छताखालची, उन्हात तापलेली खोली ४२ अंशांवर असेल तर तोच प्रोसेसर ९५ अंशांवर पोहोचेल. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ९५ अंश आहे. तिथे गेल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्याआधीच पंखे पूर्ण जोरात पळायला लागलेले असतात.

म्हणजे व्हिडिओत ‘अगदी शांत’ वाटलेला कॉम्प्युटर गोंदियात मे महिन्यात शिट्टी वाजवतो. त्यात सुट्या भागांचा दोष नसतो. सुरुवातीचे २० अंश हिशोबात धरलेले नसतात.

आवाज नेमका येतो कुठून?

पंख्यातून. आणि पंख्याचं गणित फार मजेशीर आहे. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा निम्मी येते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. त्यामुळे हा फरक प्रचंड आहे. पंख्याला लागणारी वीज तर एक अष्टमांशावर येते.

दुसरी गोष्ट आकाराची. एकाच घडणीच्या पंख्यांमध्ये ९२ मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला, तर त्याच वेगाला तो सुमारे २.२ पट हवा ढकलतो. म्हणून मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा हा छोट्या आणि जोरात पळणाऱ्या पंख्यापेक्षा नेहमी शांत. घरातला छताचा पंखा आणि हातात धरायचा छोटा चार्जिंगचा पंखा आठवून बघा. हवा कुणाची जास्त आणि किरकिर कुणाची जास्त?

किती आवाज म्हणजे ‘शांत’? भारताच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नीट जुळवलेला कॉम्प्युटर २५ ते ३० डेसिबलच्या आसपास ठेवता येतो. मे महिन्यात खिडकीतला कूलर सुरू असताना हा फरक ऐकूही येणार नाही, हे खरं. पण पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत, एका खोलीत कुणी झोपलंय आणि कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय अशा घरात तो नक्की कळतो. झाडीबोलीत व्हिडिओ करणाऱ्यांना तर माइकमध्ये येणारी पंख्याची घूं घूं चांगलीच ओळखीची असेल.

‘छोटा’ म्हणजे किती छोटा?

इथेच बहुतेकांची चूक होते. छोटा म्हणजे जेवढा मिळेल तेवढा छोटा असं समजून पुस्तकाएवढं कॅबिनेट घेतलं जातं. त्यात ३७ मिलिमीटर उंचीचा चपटा कूलर आणि ९२ मिलिमीटरचा पंखा एवढंच बसतं. वरचं गणित पाहिलं तर हा पंखा उन्हाळ्यात सतत पळत राहणार.

कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं. सगळ्यात लहान, एक लिटरच्या आसपासचे मिनी पीसी असतात. नेहमीचे मोठे टॉवर ४० लिटरच्या वर जातात. गोंदियासारख्या हवामानात मधला टप्पा बरा, साधारण १५ ते २५ लिटर. खाद्यतेलाचा १५ किलोचा चौकोनी पिपा डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या डब्ब्यात १२० मिलिमीटरचे पंखे आणि बऱ्यापैकी उंच कूलर बसतो, आणि टेबलही अडत नाही.

मदरबोर्डचे दोन आकार इथे कामाचे. मिनी आयटीएक्स म्हणजे १७ बाय १७ सेंटिमीटर, आणि मायक्रो एटीएक्स म्हणजे जास्तीत जास्त २४.४ बाय २४.४ सेंटिमीटर. मिनी आयटीएक्स दिसायला सुबक, पण बोर्ड महाग आणि तो दुकानात सहज मिळत नाही. मायक्रो एटीएक्स स्वस्त, आणि रॅमसाठी बऱ्याचदा चार जागा असतात. बिघडला तर बदली बोर्ड मिळायलाही सोपा. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. प्रत्येक छोट्या भागासाठी तिकडे जावं लागू नये, हा निकष जिल्ह्याच्या ठिकाणी विसरून चालत नाही.

कॅबिनेट घेताना समोरची बाजू बघा. चकचकीत काच असेल तर हवा आत जाणार कुठून? समोर जाळी हवी.

खरी चावी: कूलर मोठा करण्याआधी वॅट कमी करा

वरच्या गणितात दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत. कूलर मोठा घेणं किंवा प्रोसेसरची वीज कमी करणं. दुसरी गोष्ट फुकट आहे.

एएमडीच्या ६५ वॅटच्या अनेक प्रोसेसरमध्ये ‘इको मोड’ असतो. बायोसमध्ये तो सुरू केला की ४५ वॅटचा वर्ग लागू होतो आणि प्रत्यक्ष विजेची मर्यादा ८८ वरून सुमारे ६१ वॅटवर येते. तेच गणित पुन्हा करू. ६१ गुणिले ०.६ म्हणजे साधारण ३७ अंश. खोली ४२ अंशांची धरली तरी प्रोसेसर ७९ अंशांवर थांबतो. ९५ वरून थेट ७९. इंटेलच्या बऱ्याच बोर्डांमध्येही अशी विजेची मर्यादा घालता येते.

वेग किती जातो? सगळे कोअर तासन्‌तास ताणून धरणाऱ्या कामात, उदाहरणार्थ लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, थोडा वेळ जास्त लागतो. ऑनलाइन अर्ज, टायपिंग, ऑनलाइन वर्ग, अकाउंटिंग, कोडिंग शिकणं, फोटोचं काम यांत फरक जाणवणं कठीण.

वेगळं ग्राफिक्स कार्ड खरंच लागतंय का, हेही आधी ठरवा. तेच डब्ब्यातलं सगळ्यात मोठं शेगडीचं काम करतं. रायझनच्या ‘जी’ नावाच्या प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असतं. इंटेलमध्ये नावामागे ‘एफ’ असेल तर ते नसतं, एवढं लक्षात ठेवा. ग्राफिक्स कार्ड नसलेला असा डेस्कटॉप पूर्ण ताणावरही साधारण १०० ते १२० वॅटच्या आत राहू शकतो. १२० वॅटची उष्णता बाहेर न्यायला आणि डब्ब्यातली हवा फक्त १० अंशांनी तापू द्यायला सेकंदाला सुमारे ११ लिटर हवा पुरते. सावकाश फिरणारे १२० मिलिमीटरचे एक-दोन पंखे हे काम निवांत करतात.

पाण्याचा कूलर किंवा बिनपंख्याचा डब्बा का नको?

लिक्विड कूलरमध्ये पाणी असलं तरी ते खिडकीतल्या कूलरसारखं हवेत उडून थंडावा देत नाही. बंद नळ्यांतून फिरून ते शेवटी खोलीतल्याच हवेत उष्णता टाकतं. म्हणजे ४२ अंशांची अडचण तशीच. वर पंपाची गुणगुण, जास्त किंमत, आणि काही वर्षांनी पंप गेला तर सगळंच बदला. ६०-७० वॅटसाठी त्याची गरज नाही.

बिनपंख्याचा डब्बा ऐकायला आदर्श वाटतो. पण बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल तर नुसत्या धातूच्या पंखांतून उष्णता सावकाश बाहेर पडते आणि आतले सगळे भाग तापत राहतात. मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधल्या कॅपॅसिटरबद्दल एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणून सावकाश फिरणारा एक पंखा हा शून्य पंख्यांपेक्षा शहाणपणाचा.

एसएमपीएस घेताना खोक्यावरचे वॅट कोणत्या तापमानाला दिलेत ते बघा. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांचा उल्लेख करतात. ‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमतेची आहे आणि ती चाचणी साधारण २३ अंशांच्या आसपास होते. त्यामुळे नुसती ती खूण पुरेशी नाही. १२० वॅटच्या कॉम्प्युटरला चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. निवांत काम असल्याने त्याचा पंखाही हळू फिरतो.

जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क मात्र डब्ब्यात नको. ती आवाजही करते, आणि अनेक हार्ड डिस्कची काम करण्याची मर्यादा ६० अंशांपर्यंतच असते. मुख्य साठवण एसएसडीवर, आणि हार्ड डिस्क हवीच असेल तर ती बाहेरून जोडून फक्त बॅकअपसाठी.

जुन्या डब्ब्यातून काय वाचवता येईल?

रॅम महाग झाल्यावर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आणि इथे एक दिलासा आहे.

विंडोज ११ च्या यादीत न बसणाऱ्या इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीच्या अनेक कॉम्प्युटरमध्ये डीडीआर४ रॅम आहे. म्हणजे ज्याला आपण ‘जुना झाला’ म्हणून भंगारात काढायला निघतो, त्यात आज महाग झालेला भाग आधीच बसलेला असू शकतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड, आणि इंटेल बाराव्या पिढीसाठीचे डीडीआर४ प्रकारचे एच६१० बोर्ड, ही रॅम घेतात. या दोन्हींवर विंडोज ११ चालतं. नवी डीडीआर५ व्यवस्था उभी करण्यापेक्षा प्रोसेसर आणि बोर्ड बदलून जुनी रॅम, एसएसडी, कीबोर्ड आणि मॉनिटर तसाच ठेवणं बऱ्याच घरांना परवडणारं आहे.

पण चार गोष्टी तपासून घ्या.

पहिली, ती रॅम खरंच डीडीआर४ आहे का? त्या काळच्या काही मशीनमध्ये डीडीआर३ही होती. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग २१३३ किंवा त्याहून जास्त दिसला तर बहुधा डीडीआर४. १३३३ ते १८६६ असेल तर डीडीआर३. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीत बसत नाही.

दुसरी, लॅपटॉपची रॅम आखूड असते. ती डेस्कटॉपच्या साध्या बोर्डात चालत नाही.

तिसरी, एकच ८ जीबीची पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्या असल्या की त्याचा वेग चांगला वाढतो. सेकंडहँड पट्टी घेणार असाल तर दुकानातच लावून, चाचणी करून घ्या.

चौथी, विंडोजचं लायसन्स. ब्रँडेड कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज सहसा त्याच मदरबोर्डला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला तर नवं लायसन्स लागू शकतं. हा खर्च दुकानदार अनेकदा शेवटी सांगतो, म्हणून आधीच विचारा. लिनक्स हा मोफत पर्याय आहे, त्यात मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंगही होतं. मात्र सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन आणि प्रिंटर त्यावर चालतात का, याची खात्री करूनच निर्णय घ्यावा.

धूळ, कोंडा आणि खिडकीतला कूलर

गोंदिया म्हणजे तांदळाचं शहर. राइस मिल, धानाचं मळणीचं काम, तूस, कोंडा, उन्हाळ्यातली धूळ. हे सगळं बारीक होऊन हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये अडकतं आणि गोधडीसारखं बसतं. मग हवा जात नाही, तापमान वाढतं, पंखा पळतो. शांत कॉम्प्युटर सहा महिन्यांत बोंबलायला लागतो तो यामुळेच.

उपाय स्वस्त आहे. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित जास्त ठेवा. त्यामुळे हवा फटींतून खेचली जात नाही, जाळीतूनच येते. जाळीवरचं फिल्टर काढून धुता येईल असं असावं. हंगामाच्या दिवसांत ते महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. डब्ब्याच्या आत ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो गरगरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. डब्बा जमिनीवर ठेवू नका, आणि टेबलाच्या बंद खणात तर अजिबात नको. मागे किमान वीतभर जागा सोडा.

खिडकीतल्या कूलरचं काय? खोली थंड झाली की कॉम्प्युटरचाही फायदाच. कोरड्या मे महिन्यात कूलर खोलीचं तापमान बरंच खाली आणतो, आणि प्रोसेसरचं तापमानही तेवढंच खाली येतं. पण डब्बा थेट त्याच्या झोतात ठेवू नका. झोताबरोबर उडणारे बारीक थेंब आणि त्यातले क्षार बोर्डवर बसतात. पावसाळ्यात कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. अधूनमधून सुरू केला की आतला ओलावा उडतो.

बायोसमधल्या पंख्याच्या सेटिंगकडेही एकदा बघा. बहुतेक बोर्ड ४०-५० अंशांपासूनच पंखा पळवायला लागतात. गोंदियात खोलीच ४० अंशांची असेल तर तो कधी थांबणारच नाही. ६५ अंशांपर्यंत सपाट कमी वेग, त्यानंतर हळूहळू वाढ आणि ८५ च्या पुढे पूर्ण वेग, अशी रेषा ठेवली की एखादं पान उघडताना पंखा उगाच ओरडत नाही.

वीजबिल आणि यूपीएस: इथेही फायदा

याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. तरी मान्सूनपूर्व वादळात लाइट जाते, व्होल्टेज खालीवर होतं, हा अनुभव गावोगाव सारखाच.

साध्या कामात सरासरी ६० वॅट घेणारा कॉम्प्युटर रोज आठ तास चालला तर महिन्याला १४-१५ युनिट होतात. ३०० वॅट खाणारा गेमिंग डब्बा तेवढाच वेळ चालला तर ७२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढच्या युनिटला जास्त दर लागतो. पंखे, कूलर, टीव्ही असलेल्या घरात हा फरक टप्पा ओलांडायला पुरेसा ठरतो.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून ८०-९० वॅट असतील तर ती चांगली असताना वीस मिनिटं ते अर्धा तास काढू शकते. ३०० वॅटवर जेमतेम फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख असेल तर त्या वीस मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको. घरात अर्थिंग नीट आहे ना, हे मात्र यूपीएसच्याही आधी बघा.

मग तयार मिनी पीसी किंवा लॅपटॉपच का घेऊ नये?

घेता येईल. कार्यालयांतून निघालेले, एक लिटर आकाराचे नूतनीकृत मिनी पीसी बाजारात मिळतात. त्यातले आठव्या पिढीचे ३५ वॅटचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतात, आणि रॅम-एसएसडी आतच असल्याने रॅमच्या महागाईत ते खरोखर स्वस्त पडू शकतात. वीज कमी, जागा कमी. अडचण दोन. त्यांचा पंखा छोटा असतो, त्यामुळे मे महिन्यात तो किरकिरतो. आणि त्यांचा बोर्ड, चार्जर, कूलर खास त्याच कंपनीचे असतात, त्यामुळे बिघाड झाला तर गावात भाग मिळत नाहीत. फक्त टायपिंग-इंटरनेट असेल आणि विक्रेता लेखी वॉरंटी देत असेल तर हा चांगला पर्याय आहे.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा मोठा फायदा. पण त्यातही छोटाच पंखा, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते. आज महाग म्हणून ८ जीबीवर भागवलं आणि दोन वर्षांनी दर उतरले, तरी ती वाढवता येत नाही. असेंबल्ड डेस्कटॉपचं बलस्थान नेमकं हेच आहे. आज दोन जुन्या पट्ट्यांवर भागवा, दर खाली आले की वाढवा.

काहीही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर असू द्या. प्रोसेसर, बोर्ड आणि एसएमपीएस यांची वॉरंटी बहुतेकदा तीन वर्षं किंवा जास्त असते. ती कॅबिनेटच्या खोक्यावर नाही, या कागदावर मिळते.

यातून कळतं काय?

एआयची डेटा सेंटर्स कुठल्या तरी दूरच्या शहरात उभी राहतात आणि त्यांचा हिशोब आमगावच्या किंवा सालेकशाच्या एखाद्या घरात चुकता होतो. अभ्यासासाठी मागितलेला कॉम्प्युटर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे पडतो. टंचाई कधी संपेल हे गोंदियातून ठरणार नाही. पण घरात पडून असलेल्या डब्ब्यात किती जीव शिल्लक आहे, हे मात्र इथेच ठरवता येतं.

तसं बघितलं तर शांत, छोटा आणि थंड कॉम्प्युटर या तीन वेगळ्या मागण्या नाहीत. तिन्हींचं उत्तर एकच, कमी वीज. वॅट कमी झाले की उष्णता घटते आणि पंखा हळू फिरतो. मग डब्बा लहान चालतो, बिल उतरतं, यूपीएस जास्त वेळ टिकतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरचा जुना कॉम्प्युटर एकदा उघडून बघा. रॅमची पट्टी काढा, तिच्यावरचं लेबल वाचा. आज त्या डब्ब्यातला सगळ्यात मौल्यवान भाग कदाचित तोच असेल, आणि भंगारवाला तो किलोच्या भावात घेऊन जाईल.